पोर्शनबाहेरची चार प्रकरणं

सातवीला मी जी इंग्रजी कादंबरी शिकवते, तिचा शेवट मी नऊ वर्षं वाचलेला नव्हता. हे अभिमानाने सांगत नाही, पण तेव्हा त्याचं काही वाटतही नव्हतं. कादंबरीत अठरा प्रकरणं आहेत आणि वार्षिक परीक्षेचा पोर्शन चौदाव्याला संपतो. मी या शाळेत लागले तेव्हा आधीच्या बाईंनी पुस्तकाची एक प्रत आणि प्रश्नोत्तरांची एक जाड वही माझ्या हातात दिली. चौदापर्यंत आहे, पुढचं बघायची गरज नाही, असं सांगितलं. मी बघितलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत निवांत वाचू असं पहिल्या वर्षी ठरवलं होतं. नंतरच्या वर्षांत ठरवायचंही राहून गेलं.

शाळा हडपसरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यापासून थोडी आत. मी राहते शनिवार पेठेत. रोज एक बस स्वारगेटपर्यंत आणि तिथून दुसरी. वर्गात निम्मी मुलं मोठाल्या सोसायट्यांतली, आईबाप दोघंही आयटीत. उरलेली गोदामांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांची, बरीचशी विदर्भातून आलेली. दोन्हीकडच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला सारखाच कंटाळा येतो, त्यामुळे तेवढ्यापुरती समानता आहे.

पहिल्या सत्रात मिथकं आणि प्राण्यांच्या बोधकथा असतात, दुसऱ्या सत्रात कादंबरी. बोधकथा शिकवायला सगळ्यांत सोपी. कोल्हा काय म्हणाला, कावळ्याने काय केलं, आणि खाली मॉरल. मॉरल मी फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांनी ते चौकटीत लिहायचं. चौकट लाल पेनाने केली की सुपरवायझर मॅडम वह्या तपासताना खूश होतात. एकदा एका मुलाने मॉरल लिहिलं होतं की कोल्ह्याला भूक लागली होती आणि बाकी काही नाही. मी ते खोडून फळ्यावरचं लिहायला लावलं. ते खोडायला नको होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण वह्या बावन्न होत्या.

मिथकांचं वेगळंच. समुद्र खारट का, वर्षातले काही महिने जमीन उजाड का, असल्या दूरदेशीच्या कथा. एका पालकांनी येऊन अतिशय सभ्यपणे विचारलं होतं, आपल्याकडे पुराणं संपली आहेत का? मी म्हटलं, नाही, पण ती पोर्शनमध्ये नाहीत. पोर्शन या शब्दापुढे कुणालाच काही बोलता येत नाही, मलाही नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये माझा भाऊ गेला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्यानेही लग्न केलं नाही, मीही नाही, आणि एका फ्लॅटमध्ये एकमेकांच्या चुका काढत आम्ही चांगले राहत होतो. तो सरकारी कचेरीतून निवृत्त झाला होता आणि हाताला लागेल ते वाचायचा, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा. मी कादंबरी अर्धवट शिकवते हे त्याला माहीत होतं. शिक्षक आणि वाचन यांचा संबंध जोडू नये, शिक्षकांवर अन्याय होतो, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. त्याला न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. अकराही दिवस मी त्याला, आज कालच्यापेक्षा बरं आहे, असं सांगत होते.

शाळेच्या रजेच्या नियमांत आईवडील आहेत, नवरा आहे, मूल आहे. भाऊ 'इतर नातेवाईक'मध्ये बसतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी कामावर हजर झाले. दहावा चुलतभावाने ओंकारेश्वरावर केला, त्यासाठी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या तासाला परत आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, तुम्ही फारच खंबीर आहात. मी खंबीर नव्हते. मी बधिर झाले होते. दाढ काढताना गाल बधिर होतो, तो आपलाच असतो पण हात लावला तर परक्याचा वाटतो, तसं माझं सगळं झालं होतं. भूक लागायची, बस चुकायची, पगार जमा व्हायचा, आणि यातलं काही माझं आहे असं वाटायचं नाही. रडू आलं नाही. रडू येत नाही याचं वाईटही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा मुलं आधीच उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांना सांगितलेलं असावं. मी म्हटलं, बसा, पान बेचाळीस. ती बसली.

त्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. यवतमाळकडची, बारा वर्षांची, शांत. तिचे वडील लोणी काळभोरजवळच्या एका गोदामात माल चढवायच्या कामावर होते. जूनमध्ये एका सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि परत आले नाहीत. गोदामात पोचलेच नव्हते. भांडण नाही, आजार नाही, काही नाही. पोलिसांत तक्रार झाली. फोन बंद लागायचा. तेव्हापासून दर रविवारी ती मुलगी आणि तिची आई मोबाईलमधला फोटो घेऊन बाहेर पडायच्या. कधी स्वारगेटच्या स्टँडवर, कधी लोणीला, हॉटेलवाल्यांना, रिक्षावाल्यांना दाखवायच्या. हे सगळं तिच्या वर्गशिक्षिकेने स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी अरेरे म्हटलं. मग घंटा झाली.

म्हणजे मला माहीत होतं. तरी नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी त्या वर्गात ती कादंबरी काढली, कारण दुसऱ्या सत्राला तीच असते.

कादंबरी अशी आहे. डोंगराळ मुलखातलं एक खेडं. एका मुलीचे वडील खेचरावर मीठ लादून खिंडीपलीकडच्या गावांत विकायला जातात. एका हिवाळ्याआधी ते जातात आणि परतायचे दिवस उलटून जातात. बाराव्या प्रकरणात खेचर एकटंच परत येतं. चौदाव्यात मुलगी वडिलांना शोधायला खिंडीकडे निघते. इथे पोर्शन संपतो.

मी बारावं प्रकरण शिकवलं त्या दिवशी काय झालं हे मला नीट आठवतं, कारण काहीच झालं नाही. वहीतून मी प्रश्न सांगितला, खेचर एकटं परत का आलं? मग उत्तर सांगितलं, चार ओळींचं, नेहमीचं. बावन्न मुलांनी लिहून घेतलं. तिनेही लिहून घेतलं. संध्याकाळी वही तपासताना मी तिच्या उत्तराखाली बरोबरची खूण केली आणि अक्षर सुंदर असा शेरा दिला. हे उत्तर या मुलीने लिहिलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊन मी पान उलटलं. आज विचार करते तेव्हा त्या पान उलटण्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

आमच्याकडे पुस्तकं शाळेची असतात. पाठीवर नंबर घातलेली, दरवर्षी तीच नव्या मुलांना द्यायची. मुलं कठीण शब्दांवर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहितात, कारण वाचताना तेवढाच आधार. पुस्तक परत करायच्या आधी ते अर्थ खोडायचे, हा नियम. मी दरवर्षी एकच सूचना देते: पहिलं ते चौदावं प्रकरण स्वच्छ खोडून द्या. पुढचं कुणी उघडतच नाही, तर तिथे खोडायला काय असणार?

जानेवारीत त्या मुलीची आई दाखला घ्यायला आली. दाखल्यासाठी एक फॉर्म असतो, त्यावर वाचनालय, प्रयोगशाळा आणि शाळेचं पुस्तक ज्यांच्याकडे जमा करायचं त्या शिक्षकांच्या सह्या लागतात. मला ऑफ तास होता. दोघी व्हरांड्यात उभ्या होत्या. आईच्या हातात फॉर्म, मुलीच्या हातात पुस्तक. आई म्हणाली, "काय करू मॅडम इथं राहून. तिकडे माहा भाऊ हाय. तिले तिकडच्याच शाळेत टाकतो आता." मी म्हटलं, बरोबर आहे. काय बरोबर आहे ते मला ठाऊक नव्हतं. परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, थांबता आलं तर बघा, असं मी म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही.

मुलीने पुस्तक माझ्याकडे दिलं. मी नंबर पाहिला, पहिली काही पानं चाळली, स्वच्छ होती. फॉर्म भिंतीला टेकवून मी सही करायला लागले तेव्हा तिने विचारलं, "मॅम, शेवटी तिला बाबा मिळतात का?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. खरं तर तेवढंच म्हणता आलं असतं. पण आधीची शाळा धरून वर्गात वीस वर्षं उत्तरं सांगितली की तोंडाला सवय लागते. आणि इस्पितळात अकरा दिवस जे केलं होतं, तेच परत करणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "हो, मिळतात. शेवट चांगला आहे."

"ओके मॅम," ती म्हणाली. मी सही केली. दोघी ऑफिसच्या दिशेने गेल्या आणि मी पुस्तक कपाटात टाकून चहा प्यायला गेले. चहा थंड झाला होता, तो प्यायले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपर तपासून झाले की पुस्तकं मोजून, फाटलेली बाजूला काढून नवीन वर्षासाठी गठ्ठे बांधायचे असतात. स्टाफरूममध्ये दुपारी मी एकटीच होते. पुस्तकं उलटसुलट करून झटकत होते, कारण मुलं पानांत चॉकलेटचे कागद, बसचे पास, काहीही ठेवतात. तिच्या पुस्तकातून काही पडलं नाही, पण उलटं धरल्यामुळे ते शेवटच्या पानांवर उघडलं. त्या पानावर पेन्सिल होती.

मी पानं मागे उलटत गेले. पंधरावं प्रकरण सुरू होतं तिथून थेट शेवटच्या पानापर्यंत शब्दांवर अर्थ लिहिलेले होते. मी कौतुक केलेलं तेच अक्षर. एकेका पानावर वीस-वीस शब्द. बाकीच्या एक्कावन्न पुस्तकांत ही चार प्रकरणं कोरी करकरीत आहेत, काही पानं तर छापखान्यातून आल्यापासून एकमेकांपासून सुटीसुद्धा झालेली नाहीत. तिने ती चार प्रकरणं एकटीने, कुणी न शिकवता, डिक्शनरी घेऊन वाचली होती. आणि पहिली चौदा माझ्या सूचनेप्रमाणे स्वच्छ खोडून दिली होती. पुढचं खोडा असं मी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने खोडलं नव्हतं.

मी खुर्ची ओढली आणि पंधराव्यापासून वाचायला बसले. तासाभराचंही काम नव्हतं. नऊ वर्षांत मला तो एक तास मिळाला नव्हता.

वडील मिळत नाहीत. मुलगी खिंड ओलांडते, पलीकडच्या तिन्ही गावांत विचारते. कुणी म्हणतं पाहिलं होतं, कुणी म्हणतं पाहिलं नाही. बर्फ पडायला लागतं. अठराव्या प्रकरणात ती एका सकाळी उठते, खेचराला पाणी पाजते आणि घरच्या रस्त्याला लागते. ते मेले की कुठे जिवंत आहेत हे लेखकाने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. ती शोधायचं थांबवते, एवढंच.

शेवट चांगला आहे, असं मी त्या मुलीला सांगितलं होतं.

ऑफिसमध्ये जाऊन मी प्रवेशाच्या रजिस्टरमधून तिच्या आईचा नंबर घेतला. क्लार्कने विचारलं काय काम आहे, मी म्हटलं, पुस्तकाचं. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. आईने आधी ओळखलं नाही, मग पुण्याच्या शाळेतली इंग्रजीची मॅडम म्हटल्यावर ओळखलं. काही कळलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. नव्या शाळेत नाव घातलं आहे, भावाच्या घरी एक खोली मिळाली आहे, सगळं ठीक आहे, हेही तिने सांगितलं. मग म्हणाली, "घ्या, देतो तिले. मी पाणी भरून येतो तवर."

मुलगी फोनवर आली. गुड आफ्टरनून मॅम, म्हणाली, वर्गात म्हणायची तशीच. मी म्हटलं, मी तुला जानेवारीत चुकीचं सांगितलं. त्या मुलीला वडील मिळत नाहीत.

"माहितीये मॅम. मी वाचलं होतं."

मग विचारलंस कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, सुरुवात कशी करायची म्हणून ते विचारलं. पण मी मिळतात म्हटल्यावर तिला कळलं की मी पुढचं वाचलेलंच नाही.

"मग मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या घरी पण झालं होतं ना मॅम. मला वाटलं, तुम्हाला आत्ता नको कळायला."

मला लाज वाटली. सप्टेंबरपासून काही वाटण्याची ती पहिली वेळ, आणि वाटली ती लाज. ती अंगभर वाटली, कानांपर्यंत. बारा वर्षांच्या मुलीने स्वतःचा प्रश्न गिळून मला सांभाळून घेतलं होतं आणि मी तिच्या फॉर्मवर सही करून चहा प्यायला गेले होते. भावाबद्दल इतक्या लोकांचं इतकं बोलून झालं होतं. पण तसला शेवट मला सोसणार नाही अशी शंका फक्त तिला आली होती.

काय विचारायचं होतं, मी म्हटलं. आता विचार.

मागे कुठेतरी बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "ती मुलगी शोधायचं सोडून देते ना मॅम. म्हणजे ती वाईट नाहीये ना?"

हा प्रश्न जाड वहीत नाही. याचं चार ओळींचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी काही म्हणायच्या आत ती भराभर बोलायला लागली, आवाज अगदी खाली आणून. आई तिला तिकडेही दर रविवारी तालुक्याच्या स्टँडवर पाठवते, फोटो घेऊन. बाबा गावाकडे आले तर तिथेच उतरतील म्हणून.

"मी जाते मॅम. पण मी कोणाला दाखवत नाही. बाकावर बसते आणि परत येते. आईला सांगते, दाखवला."

कधीपासून, मी विचारलं. पुण्यात होते तेव्हापासून, ती म्हणाली. पुस्तक संपवलं त्याच्या पुढच्या रविवारपासून. तेव्हा आई फलाटाच्या एका टोकाला विचारायची आणि तिला दुसऱ्या टोकाला पाठवायची.

"ती वाईट नाही," मी म्हटलं. "तू पण वाईट नाहीस."

आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मी ते शोधत होते, तेवढ्यात तिचा आवाज एकदम मोठा आणि उत्साही झाला.

"हो मॅम, अभ्यास चालू आहे," ती म्हणाली. "हो, रविवारी जाते ना मॅम, दर रविवारी जाते."

तिची आई पाणी भरून आत आली होती.